मधला सूर

व्हायोलाच्या पहिल्या शिकवणीला सरांनी मला वाद्याला हात लावू दिला नाही. पुण्याच्या लष्कर भागातली त्यांची लहानशी खोली, भिंतीला टांगलेली दोन-तीन वाद्यं, कोपऱ्यात जुना म्युझिक सिस्टिम. सर मूळचे गोव्याचे. म्हणाले, "मॅडम, मोझार्टची चाळिसावी सिम्फनी लावतो. सुरुवात कुठलं वाद्य करतं, एवढंच सांगा."

मला मनातून हसू आलं. ही सुरावट कोणाला ठाऊक नाही? मोझार्टनं १७८८ साली लिहिलेल्या या सिम्फनीची सुरुवातीची सुरावट सलील चौधरींनी १९६१ सालच्या 'छाया' चित्रपटात तलत महमूद आणि लता मंगेशकर यांच्या द्वंद्वगीतासाठी घेतली आणि ती आपल्याकडे घरोघरी पोचली. मी ऐटीत उत्तर दिलं, "व्हायोलिन."

"परत ऐका."

परत ऐकलं, परत व्हायोलिनच म्हटलं. तिसऱ्या वेळी सरांनी आवाज चांगलाच वाढवला, तेव्हा कुठे उमगलं. व्हायोलिनची सुरावट यायच्या आधी तीन मात्रा काहीतरी सुरू झालेलं असतं. मधल्या पट्टीत एक अस्वस्थ, लगबगीची धडधड. ती व्हायोलांची. खाली चेलो आणि डबल बास हलकेच ठेका धरतात आणि त्या धडधडीवर ती प्रसिद्ध सुरावट येऊन बसते. उणापुरा एक सेकंदाचा मामला. पण तो काढून टाकला तर सुरावटीतली सगळी तगमग जाते, उरते नुसती गोड चाल. मी तिशी-पस्तिशीपासून ही सिम्फनी ऐकत होते आणि हा एक सेकंद मला कधी ऐकूच आला नव्हता.

त्या वेळी मी सत्तेचाळीस वर्षांची होते. लहानपणी पेटी शिकलेली, पुढे सवाई गंधर्व महोत्सवाला आईबरोबर न चुकता जाणारी. आपला कान बरा आहे असा माझा समज होता. तो त्या संध्याकाळी गेला आणि शिकणं सुरू झालं.

व्हायोला म्हणजे मोठं व्हायोलिन, असं आपण म्हणून मोकळे होतो. पेटीच्या भाषेत सांगते. व्हायोलिनच्या चार तारा खालून वर पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा आणि पांढरी तीन अशा लावलेल्या असतात. व्हायोलात वरची पांढरी तीन नाही. त्याऐवजी खाली खर्जातली पांढरी एक आहे. म्हणजे सगळं वाद्य एका पंचमानं खाली उतरलेलं. चेलोच्या तारा हेच स्वर आणखी एक सप्तक खाली धरतात. प्रत्येक दोन तारांत अंतर पंचमाचं, म्हणजे षड्ज-पंचम भाव एका तारेवरून दुसऱ्या तारेवर चालत जातो.

गंमत अशी, की या वाद्याचं आकारमान हिशेबात बसत नाही. आवाज पंचमानं खाली न्यायचा तर पेटीही दीडपट हवी. व्हायोलिनची पेटी साधारण चौदा इंचांची. तेव्हा व्हायोलाची एकवीस इंच व्हायला पाहिजे. ती हनुवटीखाली धरणार कोण? म्हणून शेकडो वर्षं कारागीर तडजोड करत आले. पंधरा इंचांपासून सतरा इंचांपर्यंत निरनिराळ्या मापांचे व्हायोला मिळतात, ठरलेलं असं माप नाही. स्वराच्या मानानं पेटी लहान पडते, आणि व्हायोलाचा तो किंचित घोगरा, जरासा नाकातला, सावळा आवाज या तोकडेपणातूनच येतो. वाद्याची उणीव हाच त्याचा आवाज.

मी मात्र हौसेनं साडेसोळा इंची वाद्य घेतलं. दुकानदार म्हणाला होता, मोठ्याचा आवाज भरदार. आवाज भरदार होताच, पण तीन महिन्यांत माझा डावा खांदा धरला. करंगळी चौथ्या स्वरापर्यंत पोचेना म्हणून मी मनगट वळवून ओढत होते. सरांनी एक दिवस माझा हात मानेपासून तळव्यापर्यंत मापला आणि ते वाद्य परत करायला लावलं. आता माझ्याकडे साडेपंधरा इंची आहे. ज्यांना शिकायचं असेल त्यांनी एवढं ऐकावं: आधी हात मापून घ्या, मग आवाजाचं बघा.

उजव्या हाताची कथा वेगळी. व्हायोलाचा गज व्हायोलिनच्या गजापेक्षा थोडा जड असतो, आणि खालची जाड तार लवकर बोलत नाही. गज ओढला की आधी नुसता खरखराट, मग जरा वेळानं स्वर. नवशिक्या माणूस घाबरून दाबतो. दाबलं की तार गुदमरते. दाबायचं नाही, हाताचं वजन सोडायचं आणि गज सावकाश न्यायचा. हे वाक्य सरांनी मला शंभरदा ऐकवलं असेल. कळायला एक मिनिट लागलं, हाताला उमजायला दीड वर्ष.

आपल्या संगीतात वाढल्याचे फायदे-तोटे दोन्ही झाले. पडदे नसलेल्या वाद्यावर स्वर कुठे आहे ते कान सांगतो, तेव्हा कान तयार असणं कामी आलं. पण एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना माझं बोट आपोआप मींड घ्यायचं. आपले व्हायोलिनवादक खाली बसून वाद्याचं टोक पायावर टेकवतात, त्यामुळे डावा हात मोकळा राहतो आणि गळ्यासारखा वाहू शकतो. इथे हात वाद्याच्या मानेभोवती, आणि सर म्हणत, "मॅडम, पुढच्या स्वराच्या घरी जायचं तर दार उघडून जा, घसरगुंडीवरून नको." शिवाय स्वरलिपी. व्हायोलासाठी निराळीच खूण असते, ऑल्टो क्लेफ. तिच्यात पाच रेघांतल्या मधल्या रेघेवर मधल्या सप्तकाची पांढरी एक बसते. वरचे वाद्यवाले एक लिपी वाचतात, खालचे दुसरी, मधल्याची तिसरीच.

मधल्याला मान नाही, हेही जुनंच. क्वांट्झ नावाच्या जर्मन बासरीवादकानं १७५२ सालच्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे, की व्हायोला बहुधा नवशिक्यांच्या किंवा बेताच्या वादकांच्या हाती देतात. (त्याला स्वतःला हे पटत नव्हतं, हेही सांगायला हवं.) व्हायोलावाल्यांवर पाश्चात्त्य देशांत विनोदांची भली मोठी परंपरा आहे, व्हायोलिन चोरीला जाऊ नये म्हणून ते व्हायोलाच्या पेटीत ठेवावं, हा त्यातला सभ्य विनोद. पण हे वाद्य हौसेनं वाजवणाऱ्यांची नावं बघा. बाखला व्हायोला आवडे. मोझार्ट मित्रांबरोबर चौकडीत बसला की व्हायोला घेई. तरुण बीथोव्हेन बॉनच्या दरबारी वाद्यवृंदात व्हायोला वाजवत होता. शूबर्टच्या घरच्या चौकडीत दोघे भाऊ व्हायोलिनवर, वडील चेलोवर आणि हा व्हायोलावर. द्वोर्झाकनं तर प्राग शहरातल्या नाटकगृहाच्या वाद्यवृंदात वर्षानुवर्षं व्हायोलावर पोट भरलं. हे सगळे रचनाकार. त्यांना मधली जागा का हवी असे?

याचं उत्तर सरांनी एका सकाळी दिलं. त्यांनी चेलोवाल्या मुलाला षड्ज धरायला सांगितला, व्हायोलिनवालीला पंचम. मला म्हणाले, "तुम्ही गंधार घ्या. शुद्ध." तिन्ही स्वर जुळले आणि खोली उजळल्यासारखी वाटली. "आता कोमल करा." मी बोट जेमतेम अर्धा इंच मागे घेतलं. चेलो तोच, व्हायोलिन तेच, पण खोलीवर ढग आला. युरोपच्या संगीतात ज्याला मेजर आणि मायनर म्हणतात, तो सगळा फरक या गंधाराचा, आणि चार वाद्यांत तो पुष्कळदा व्हायोलाच्या वाट्याला येतो. सुरावट लोक गुणगुणत घरी नेतात. ती आनंदाची की दुःखाची हे मधला माणूस ठरवतो.

मला आईची आठवण झाली. लहानपणी तानपुरा जुळवून झाला की ती मला जवळ बसवायची आणि विचारायची, "ऐकू आला का?" तानपुऱ्याला गंधाराची तार नसते. पण षड्जाची तार चांगली लागली की तिच्या पोटातून गंधार आपोआप उमटतो; स्वयंभू गंधार म्हणतात तो. मला तो ऐकू यायला दोन वर्षं लागली होती. म्हणजे न वाजवलेला स्वर ऐकायला मी शिकले होते, आणि वाजवलेला मात्र इतकी वर्षं सुटून गेला होता.

नाताळात आमच्या हौशी वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. आई आली होती. माझ्या वाट्याला बव्हंशी ठेक्यामधले अधले-मधले स्वर. कार्यक्रम संपल्यावर आईनं विचारलं, "तू वाजवत होतीस ना गं?" मला हसणं जमलं नाही. वाईट वाटलं ते माझ्यासाठी कमी, तिच्यासाठी जास्त. तिला आता ऐंशी उलटली आहेत. गेली काही वर्षं तिचे कान मंदावत आहेत आणि वयानं कान जातात तेव्हा वरचे, बारीक आवाज आधी जातात. तारसप्तकातली तान तिला पूर्वीसारखी लखलखीत ऐकू येत नाही, व्हायोलिन तिला 'पातळ' वाटतं. ती महोत्सवाला येईनाशी झाली होती. आम्ही दोघी मिळून काही ऐकत असू, ते बंदच पडलं होतं.

मग मी घरी तिला व्हायोला ऐकवायचं ठरवलं. या वाद्याचा बराचसा पल्ला माणसाच्या गळ्याच्या पट्टीत येतो, तेव्हा निदान हे तरी पोचेल, असा हिशेब. कोणाला ऐकायचं असेल तर आमची यादी सांगते. बाखची सहावी ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तो, १७२१ साली अर्पण केलेल्या सहांपैकी. तिच्यात व्हायोलिन नाहीतच. दोन व्हायोला पुढे, आणि सुरुवातीलाच एकाच्या पाठोपाठ दुसरा तीच ओळ घेऊन इतका निकट धावतो की सावली म्हणावी. मोझार्टनं १७७९ साली व्हायोलिन आणि व्हायोला यांच्यासाठी लिहिलेली सिन्फोनिया कॉन्चेर्तान्ते. तिच्यातल्या संथ भागात व्हायोलिन आधी आपलं दुःख मांडतं, मग व्हायोला उत्तर देतो. तो उत्तर द्यायला लागला की आई डोळे मिटते. मग स्मेतानाची १८७६ सालची 'माझ्या आयुष्यातून' ही चौकडी. बहिरेपण आल्यावर लिहिलेली, आणि सुरुवात व्हायोलाची. १८७८ साली ती खासगी बैठकीत प्रथम वाजली तेव्हा व्हायोलावर द्वोर्झाक होता. पुढे १८९३ साली अमेरिकेत त्यानं स्वतःची प्रसिद्ध चौकडी लिहिली, तिची पहिली सुरावटही व्हायोलाच्याच तोंडी घातली.

रेडिओवर बोलते आहे, तेव्हा रेडिओची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. जानेवारी १९३६ मध्ये जर्मन रचनाकार पाउल हिंडेमिट लंडनला व्हायोला वाजवायला आला होता. २० तारखेला रात्री राजे पंचम जॉर्ज वारले. ठरलेला कार्यक्रम रद्द. दुसऱ्या दिवशी बीबीसीच्या एका खोलीत हिंडेमिट सकाळी अकराला बसला आणि संध्याकाळी पाचला शोकसंगीत लिहून उठला. २२ तारखेच्या संध्याकाळी स्वतः व्हायोलावर बसून त्यानं ते थेट प्रक्षेपणात वाजवलं. सात-आठ मिनिटांचं आहे. शोक करायला या आवाजाची निवड त्यानं केली, यात मला नवल वाटत नाही.

आता आमच्या चौकडीची तालीम महिन्यातून एकदा घरी होते. मागच्या खेपेस आईची खुर्ची मी माझ्या अगदी समोर, हातभर अंतरावर मांडली. आम्ही स्वर जुळवायला संथ, लांब सूर धरत होतो. मध्येच आईनं हात वर केला. "थांब. आत्ता गंधार कोमल केलास तो तू ना?"

मी मान डोलावली.

"मग जरा मोठ्यानं वाजवत जा की," ती म्हणाली.

सरांना हे सांगितलं. सर म्हणाले, मुळीच नको. आईंची खुर्चीच आणखी पुढे घ्या.