लघवीवरचा ताबा परत कधी येईल?

प्रोस्टेट म्हणजे पुरुषाच्या मूत्राशयाखाली, लघवीच्या मार्गाला वेढून असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. तिच्यात कर्करोग निघाला व तो बाहेर पसरलेला नसला, तर ती समूळ काढता येते. मोठ्या शहरांत ही शस्त्रक्रिया आता रोबोटने होते. रोबोट आपण होऊन काही कापीत नाही. त्याचे हात डॉक्टरच चालवितात. काही दिवसांनी नळी काढली, की खोकताना, उठताना लघवी गळते. आमच्या वडीलधाऱ्यांना कर्करोगापेक्षा या ओलीचीच लाज अधिक. माणूस विहारात सतरंजीवर बसायला येईनासा होतो आणि कारण घरातही सांगत नाही. मलमूत्रात पडलेल्या आजारी भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतले, ही विनयपिटकातील कथा आम्ही ऐकतो. मग लाज कशाची?

गळणे कधी थांबेल, याचा अंदाज बांधता येतो. ग्रंथी गेली की सारा भार खालच्या स्नायूच्या कड्यावर पडतो. त्या कड्यातून जाणारा मूत्रमार्गाचा भाग एमआरआयमध्ये मोजतात. तो जितका लांब, तितका ताबा लवकर येण्याचा संभव जास्त. वय कमी, वजन आटोक्यात, डॉक्टरांचा हात सरावलेला आणि बाजूच्या नसा राखता आल्या, तर आणखी बरे. बहुतेकांना ३ ते १२ महिन्यांत ताबा येतो. मात्र ‘कोरडे’ कशाला म्हणता, हे डॉक्टरांना विचारावे. कोणी एकही पॅड न लागणे धरतो, कोणी दिवसाला एक चालवून घेतो.

रोबोटसाठी घर गहाण टाकण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला रोबोटची व पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या निष्कर्षांत लघवीच्या ताब्यात विशेष फरक दिसला नाही. यंत्रापेक्षा हात पाहावा, असे आमचे मत आहे.

अमेरिकेचे डॉ. केगल यांनी १९४८ साली स्त्रियांसाठी मांडलेला व्यायाम इथे पुरुषांच्या कामी येतो. (घरातल्या बाळंतपण झालेल्या बायकांना तो बहुधा माहीत असतो, त्यांना विचारण्यात कमीपणा नाही.) लघवी अडवताना आवळतो तो स्नायू आवळायचा, काही क्षण धरायचा, सोडायचा, श्वास कोंडायचा नाही. शस्त्रक्रियेआधीच शिकून घ्यावा. नळी असेपर्यंत मात्र करू नये. वर्ष उलटूनही कपडे भिजत असतील तर गप्प बसू नये. कृत्रिम कडे बसविण्याची शस्त्रक्रिया आहे.