मुक्त प्रणाली आणि मराठीतील ‘ऱ्य’

ज्या संगणक-प्रणालीची मूळ आज्ञावली वाचण्याची, सुधारण्याची व वाटण्याची मुभा सर्वांस असते, तीस मुक्त प्रणाली म्हणतात. तिच्या कार्यास हातभार लावण्यासाठी आज्ञावली लिहिता येणे आवश्यकच असते, असे नाही.

‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘दऱ्या’ हे ‘दरी’चे अनेकवचन. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अजिंठ्याच्या दऱ्यांचे वर्णन करणाऱ्यास हा भेद टाळता येत नाही. युनिकोडमध्ये ‘ऱ्य’ हे जोडाक्षर ‘ऱ’, हलन्तचिन्ह व ‘य’ या क्रमाने साठविता येते. परंतु ते पडद्यावर शुद्ध उमटणे फॉन्टवर व अक्षरजुळणीच्या आज्ञावलीवर अवलंबून असते. रेड हॅटने २००४ साली प्रसिद्ध केलेली ‘लोहित’ ही फॉन्टमालिका २०११ पासून मुक्त फॉन्ट-परवान्याखाली उपलब्ध आहे. अशा फॉन्टमध्ये दोष आढळल्यास मराठी जाणणाऱ्याने मूळ शब्द, साठवणीचा क्रम, दिसलेले रूप व अपेक्षित रूप नोंदवावे. त्यावरून एक जाणकार दुरुस्ती करतो, दुसरा ती तपासतो आणि तेच शब्द पुढील आवृत्त्यांच्या चाचणीसाठी राखून ठेवता येतात.

एखादा नियम का योजिला, हे टिपणात नमूद नसेल, तर मराठी न जाणणारा संपादक तो निरुपयोगी समजून काढून टाकण्याचा संभव असतो. म्हणून टिपणाचे मोल आज्ञावलीहून कमी नव्हे.