‘क्रॅक बेबी’ मोठ्या झाल्या तेव्हा

कोकेनची पूड नाकाने ओढली की ती हळूहळू रक्तात उतरते. तिचेच ओढण्याजोगे खडे केले, की झाले क्रॅक. त्याचा धूर फुप्फुसांतून काही सेकंदांत मेंदू गाठतो. तिथे चेतापेशी डोपामिन सोडतात आणि काम झाले की परत शोषून घेतात. कोकेन ही परतीची वाट अडवते. डोपामिन साचते, कैफ चढतो आणि पाच-दहा मिनिटांत उतरतो. चढ-उतार जितका झटपट, तितकी तलफ जबर. रेणू मात्र पुडीतला आणि खड्यातला एकच.

अमेरिकी कायद्याला हे मान्य नव्हते. १९८६ च्या कायद्याने ५०० ग्रॅम पुडीच्या विक्रीला जी किमान पाच वर्षांची कैद, तीच अवघ्या ५ ग्रॅम क्रॅकला ठेवली. खडा स्वस्त, सुटा मिळणारा, म्हणून गरीब वस्त्यांत खपणारा. तुरुंगात गेले ते बहुतांशी कृष्णवर्णीय. २०१० मध्ये हे प्रमाण शंभरास एकवरून अठरास एकवर आले. तेही कोणत्या रसायनशास्त्राने, देव जाणे!

त्याच काळात वर्तमानपत्रांनी ‘क्रॅक बेबी’ची धास्ती घातली: गरोदरपणी क्रॅक घेणाऱ्या आयांची मुले म्हणजे बरबाद झालेली पिढी. फिलाडेल्फियातल्या नवजात शिशुतज्ज्ञ हॅलम हर्ट यांनी हे पडताळून पाहायचे ठरवले. १९८९ ते १९९२ दरम्यान जन्मलेली, बहुतेक पूर्ण दिवसांची २२४ बाळे त्यांनी निवडली. सगळी गरीब घरांतली. निम्म्यांच्या आयांनी गरोदरपणी कोकेन घेतलेले, निम्म्यांच्या नाही. चौथ्या वर्षी बुद्ध्यांक मोजला, तर दोन्ही गट ८० च्या आसपास. म्हणजे आपसांत फारसा फरक नाही, पण सर्वसाधारण मुलांच्या मानाने दोन्ही मागे.

मग हर्ट यांनी कोकेन सोडून मोहल्ल्याकडे पाहिले. सात वर्षांच्या या मुलांपैकी ७४ टक्क्यांनी गोळीबाराचा आवाज ऐकला होता, ३५ टक्क्यांनी माणसाला गोळी लागताना पाहिली होती आणि १९ टक्क्यांनी घराबाहेर पडलेले प्रेत. घरात माया आणि खेळ-पुस्तके मिळालेली मुले मात्र दोन्ही गटांत सरस ठरली. गरोदरपणी कोकेन निर्धोक आहे असे यातून निघत नाही. बाळ वेळेआधी किंवा कमी वजनाचे होऊ शकते. पण वस्तीचे खापर एकट्या खड्यावर फोडणे सोयीचे होते, कारण गरिबीवर खटला भरता येत नाही.

राहिले खुद्द व्यसन. कोकेनच्या व्यसनावर अमेरिकेत आजही मान्यताप्राप्त औषध नाही. सर्वांत चांगला गुण येतो तो एका साध्या उपायाने: लघवीच्या तपासणीत कोकेन सापडले नाही, की रुग्णाला तिथल्या तिथे लहानसे बक्षीस किंवा दुकानात चालणारे कूपन.