दोन एक्स, बोलते एकच

सस्तन प्राण्यांच्या मादीच्या पेशींत दोन एक्स गुणसूत्रे असतात. नराकडे एक एक्स आणि एक वाय. माणसाच्या एक्सवर प्रथिने घडवणारी ८०० हून अधिक जनुके आहेत, वायवर जेमतेम काही डझन. या हिशेबाने मादीत एक्सची प्रथिने नराच्या दुप्पट व्हायला हवीत. तशी ती होत नाहीत, कारण भ्रूणावस्थेतच मादीची प्रत्येक पेशी दोनपैकी एका एक्सला कुलूप ठोकते. फळमाशीने हाच तिढा उलट्या बाजूने सोडवला: तिथे नराचे एकुलते एक्स दुप्पट राबते.

१९४९ मध्ये कॅनडात मरे बार आणि एवर्ट बर्ट्रम यांना मांजरीच्या चेतापेशींच्या केंद्रकात एक गडद ठिपका दिसला. बोक्यात तो नव्हता. हा ठिपका म्हणजे गुंडाळून ठेवलेले एक्स. १९६१ मध्ये इंग्लंडमधील हार्वेलच्या मेरी लायन यांनी उंदरांच्या ठिपकेदार फरवरून अनुमान मांडले, की आईकडचे एक्स मिटायचे की वडिलांकडचे, हे प्रत्येक पेशीत नशिबावर ठरते आणि तिच्या वंशजपेशी तोच निर्णय पुढे चालवतात. तिरंगी मांजरीच्या अंगावरचे काळे-नारिंगी पट्टे हा त्याचा उघड्यावरचा पुरावा. पांढरा रंग मात्र वेगळ्याच जनुकाची करणी.

कुलूप लावणारे ‘एक्झिस्ट’ हे जनुक १९९१ मध्ये सापडले. त्यापासून प्रथिन बनतच नाही. सुमारे १७,००० घटकांचा त्याचा लांबलचक आरएनए ज्या एक्सवर तयार होतो, त्यालाच लपेटून बसतो आणि जनुके बंद करणाऱ्या प्रथिनांना बोलावून घेतो. मागाहून डीएनएवर रासायनिक खुणा चढतात आणि कुलूप पक्के होते.

उंदराच्या भ्रूणात मात्र हे काम एका फटक्यात उरकत नाही. भ्रूण चार ते आठ पेशींचे असतानाच वडिलांकडून आलेले एक्स मिटू लागते. इथे नशिबाला वाव नसतो. पुढे ज्या पेशींची वार होते, त्यांत हीच व्यवस्था टिकते. पण ज्या आतल्या पेशींपासून पिलू घडते, त्या गर्भाशयात रुजण्याच्या सुमारास हे कुलूप काढतात, थोडा काळ दोन्ही एक्स चालू ठेवतात आणि मग नव्याने, यदृच्छेने एक मिटवतात. लावलेले कुलूप काढून पुन्हा लावण्याची ही खटपट उधळपट्टीच वाटते. कांगारू त्या फंदात पडत नाही: त्याच्या मादीच्या शरीरपेशींत कायम वडिलांचेच एक्स मिटलेले असते, आणि तेही एक्झिस्टविना, ‘आरएसएक्स’ नावाच्या दुसऱ्याच आरएनएच्या मदतीने.

उंदरावरून माणसाचे गणित मांडणे फसवे ठरले. मानवी भ्रूणात पहिल्या आठवड्यात एक्झिस्टचा आरएनए दोन्ही एक्सवर दिसतो, मुलाच्या एकुलत्या एक्सवरही. तरीही ती गुणसूत्रे मिटत नाहीत. या काळात मुलीच्या भ्रूणात दोन्ही एक्सचा आवाज थोडाथोडा खाली आणला जातो, असे काही संशोधक मानतात. इतरांना ते मान्य नाही. खरे कुलूप रुजण्याच्या आसपास आणि त्यानंतर लागते. तेही पूर्ण नसते: मिटलेल्या एक्सवरची सुमारे १५ टक्के जनुके चालूच राहतात. एकच एक्स घेऊन जन्मलेल्या स्त्रियांना टर्नर संलक्षण होते, त्याचे एक मोठे कारण हेच.