काम आले गावाला

नोकरीसाठी माणसे गाव सोडून शहरात जातात. मग घरांना कुलपे लागतात, शाळेतील मुले कमी होतात. पण कामच गावात आले तर?

पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात खोडद हे गाव आहे. १९९०च्या दशकात शास्त्रज्ञांनी येथे प्रचंड रेडिओ दुर्बीण उभारली. तिच्या ३० तबकड्या आसपासच्या परिसरात पसरल्या आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी फार क्षीण असतात. शहरातील यंत्रांच्या लहरींत त्या हरवून जातात. म्हणून शास्त्रज्ञ शहरापासून दूर आले. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात परिसरातील शाळांची मुलेही येथे आपले प्रयोग मांडतात.

प्रत्येक गावात दुर्बीण येणार नाही. पण २०२० सालच्या टाळेबंदीत अनेक नोकरदारांनी गावच्या घरी बसून संगणकावर कार्यालयाचे काम केले. म्हणजे काही कामांना शहर लागतेच असे नाही. त्यासाठी गावात अखंड वीज, चांगले इंटरनेट, शाळा आणि दवाखाना मात्र हवा. आलेल्या माणसांनीही गावाच्या सुखदुःखात सहभागी व्हायला हवे.

तुमच्या गावात यांपैकी काय आहे आणि काय नाही? विचार करा.