एकवीस वर्षांनी बोललेला उपग्रह

२१ जून २००२. इंग्लंडमधल्या नॉरिचला पॅट गोवन नावाचे जुने हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, रेडिओसमोर बसले होते. १४५.९७ मेगाहर्ट्‌झच्या आसपास त्यांना मोर्सची संथ टिकटिक ऐकू आली. चार टिंबं, दोन टिंबं. पुन्हा चार, पुन्हा दोन. मोर्समध्ये हे झालं ‘हाय हाय’. त्यापाठोपाठ आकड्यांचे गट. ही बोलण्याची ढब गोवन यांच्या ओळखीची होती. सत्तरच्या दशकातले हॅम मंडळींचे ऑस्कर उपग्रह असेच बोलायचे. पण ते तर कधीच गप्प झाले होते.

गोवन यांनी इतरांना कळवलं. मंडळींनी कक्षेची गणितं मांडली आणि उत्तर आलं: ऑस्कर-७. १९८१ च्या मध्यावर बॅटरी निकामी होऊन बंद पडलेला उपग्रह. एकवीस वर्षं तो मुकाट्याने पृथ्वीभोवती फिरत होता, आणि कुणीही दुरुस्त न करता पुन्हा बोलू लागला होता.

१५ नोव्हेंबर १९७४ रोजी अमेरिकेच्या एका हवामान उपग्रहाबरोबर त्याच रॉकेटवर तो वर गेला होता. वजन साधारण २९ किलो, आकार अष्टकोनी, रुंदी जेमतेम दीड फुटाच्या आतबाहेर. अमेरिका, जर्मनी, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या हॅम मंडळींनी नोकऱ्या सांभाळून तो उभा केला. कक्षा सुमारे १,४५० किलोमीटर उंचीची. तिथे हवा इतकी विरळ की उपग्रह खाली यायला पिढ्यान्‌पिढ्या लागाव्यात. म्हणूनच मेल्यावरही तो जागच्या जागी राहिला.

मेला कशाने आणि उठला कशाने, हे ऐकण्यासारखं आहे. त्याच्यात निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या होत्या. असा सेल म्हातारा झाला की आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. बॅटरी आणि सौर पट्ट्या एकाच विजेच्या वाटेला जोडलेल्या असल्यामुळे पट्ट्यांनी बनवलेली सगळी वीज त्या शॉर्टमध्ये जिरून जाऊ लागली आणि रेडिओच्या वाट्याला काहीच उरेना. पुढे कधीतरी त्याच मेलेल्या बॅटरीतला जोड तुटला. शॉर्टची वाट बंद झाली आणि पट्ट्यांची वीज थेट रेडिओपर्यंत पोहोचली. पहिल्या बिघाडावर दुसऱ्या बिघाडाने उतारा केला! ही दुरुस्ती कुठल्याही इंजिनिअरच्या हातची नव्हती.

तेव्हापासून त्याचं आयुष्य उन्हावर चालतं. पृथ्वीच्या सावलीत शिरला की झोपतो, बाहेर आला की जागा होतो, आणि जागा होताना आपल्या दोन ट्रान्सपॉन्डरांपैकी, म्हणजे खालून आलेला आवाज दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर परत पाठवणाऱ्या यंत्रांपैकी, कोणता सुरू करेल याचा नेम नसतो. वर्षातले काही आठवडे त्याला सावली लागतच नाही. त्या काळात त्याच्या पोटातलं चोवीस तासांचं जुनं घड्याळ नीट चालतं आणि तो एक दिवस एक ट्रान्सपॉन्डर, दुसऱ्या दिवशी दुसरा, असा शिस्तीत वागतो. पन्नाशी उलटली तरी लोक त्याच्यामार्फत गप्पा मारत होते.

या प्रकरणात मला उपग्रहाइतकंच नवल ऐकणाऱ्याचं वाटतं. गोवन यांना त्या फ्रिक्वेन्सीवर कुणी ड्युटी लावलेली नव्हती. ऑस्कर-७ ची कुणी वाट बघत नव्हतं. सवय म्हणून कान उघडा होता, एवढंच. हौशी उपग्रहांचा सगळा इतिहास अशा रिकामटेकड्या म्हणाव्यात अशा कानांवर उभा आहे.

सुरुवातच बघा ना. सोव्हिएत संघाचा स्पुटनिक १९५७ च्या ऑक्टोबरात वर गेला आणि जगभरच्या हॅमनी २० मेगाहर्ट्‌झवर त्याची बीप टिपली. पुढच्या काही वर्षांत कॅलिफोर्नियातल्या काही हॅमनी ठरवलं की आता आपलाच उपग्रह सोडायचा. रॉकेटमध्ये वजन सारखं करण्यासाठी भार ठेवावा लागतो. त्या निर्जीव भाराच्या जागी आमची पेटी ठेवा, असं त्यांनी अमेरिकेच्या हवाई दलाच्या गळी उतरवलं. १२ डिसेंबर १९६१ रोजी ऑस्कर-१ वर गेला. वजन साडेचार किलो. रॉकेटपासून त्याला ढकलायची स्प्रिंग सिअर्स या दुकानातून सव्वा डॉलरच्याही आत विकत आणलेली. गंमत म्हणजे मुख्य प्रवासी होता डिस्कव्हरर-३६, वरकरणी विज्ञानासाठी आणि खरं तर अमेरिकेच्या गुप्त हेरगिरी मोहिमेतला. जगापासून सगळं लपवणारा एक आणि भेटेल त्याला ‘हाय’ म्हणणारा दुसरा, एकाच रॉकेटवर.

ऑस्कर-१ ला दुसरं काही बोलताच येत नव्हतं. पण त्या ‘हाय’चा वेग उपग्रहाच्या तापमानानुसार बदले. आत गरम झालं की ठोके भरभर, थंड झालं की सावकाश. हातात घड्याळ घेऊन ठोके मोजणाऱ्या कुणालाही अवकाशातल्या पेटीचा ताप घेता येई. शक्ती एका वॉटच्या सातव्या हिश्श्याएवढी, तरी बॅटरी संपेपर्यंतच्या तीन आठवड्यांत २८ देशांतल्या ५७० हून जास्त हॅमनी तो ऐकल्याचं कळवलं.

एवढ्याशा शक्तीत कसं भागतं? पुण्यातल्या एखाद्या गल्लीतून पाच वॉटच्या हँडसेटवर बोललात तर आवाज कात्रजचा डोंगर ओलांडताना धापा टाकतो. तोच सेट वर रोखलात तर शेकडो किलोमीटर दूरचा उपग्रह ऐकतो, कारण मध्ये ना डोंगर, ना इमारत. हवेचा पातळ थर संपला की पुढे पोकळीच. अडचण अंतराची नसून क्षितिजाची असते. ऑस्कर-७ इतक्या उंचीवर असतो की एका क्षणी त्याला खाली जवळपास ७,८०० किलोमीटर व्यासाचं वर्तुळ दिसतं. त्या वर्तुळातले कोणतेही दोघे त्याच्यामार्फत बोलू शकतात. मात्र तो डोक्यावरून गेला तर वीस-बावीस मिनिटांत मावळतो. खालच्या कक्षेतले उपग्रह दहा-बारा मिनिटंच देतात. याला हॅम ‘पास’ म्हणतात, आणि पासच्या वेळी घरात कुणी हाक मारलेली त्यांना चालत नाही.

सामग्री मात्र कुठेही मिळणारी. पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर सुताराच्या स्टीलच्या टेपचे तुकडे आडवे बसवले की चांगली यागी अँटेना होते. टेप वाकते आणि सोडली की पुन्हा ताठ होते, म्हणून बॅगेतही मावते. ती हातात धरून उपग्रह जाईल तसतसं वळत राहायचं. गच्चीवर हे चाललेलं पाहून शेजारी आधी काळजीने आणि मग कुतूहलाने विचारतात. बोलण्यासाठी अर्थात परवाना हवा. आपल्याकडे वयाची १२ वर्षं पूर्ण झाली की केंद्र सरकारची परीक्षा देता येते आणि पास झालं की स्वतःचं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, मिळतं.

आता वेगाची भानगड. ऑस्कर-७ सेकंदाला सात किलोमीटरहून जास्त धावतो. तुमच्याकडे येत असताना त्याच्या लहरी दाबल्या जाऊन फ्रिक्वेन्सी चढते, दूर जाताना उतरते. ४३२ मेगाहर्ट्‌झवर हा फरक क्षितिजाजवळ आठेक किलोहर्ट्‌झपर्यंत जातो, आणि अशा बोलण्यात माणसाचा आवाज तर तीनेक किलोहर्ट्‌झच्याच जागेत बसतो. म्हणजे डायल स्थिर ठेवली तर समोरचा माणूस बघता बघता निसटतो. यावर ऑस्कर-७ च्या ४३२ वर ऐकणाऱ्या ट्रान्सपॉन्डरात एक सुंदर युक्ती आहे. तो वर आलेला पट्टा उलटा करून खाली पाठवतो. वरचं टोक खाली, खालचं वर. त्यामुळे जाताना झालेला बदल आणि येताना झालेला बदल एकमेकांत मिळवले न जाता वजा होतात. सगळं काही मिटत नाही, पण डायल फिरवणाऱ्या बोटांचं काम बरंच हलकं होतं.

ट्रान्सपॉन्डर म्हणजे एका वेळी एकाच जोडीची सोय नव्हे. पन्नासेक किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यातले सगळे आवाज तो एकदम परत पाठवतो, आणि त्यासाठी त्याच्याकडे असतात एकूण आठेक वॉट. पंगतीत तुपाची एकच वाटी फिरत असावी आणि पहिल्याच पानावरच्याने ती उपडी करावी, तसं इथे होऊ शकतं. कुणी खालून फार जोराने बोललं तर सगळी शक्ती त्याच्यावर खर्च होते आणि इतरांचे आवाज बुडतात. ऑस्कर-७ ला तर मागे आधाराला बॅटरीही नाही. जोराच्या आवाजाने त्याचा व्होल्टेज डगमगतो आणि सगळ्यांच्याच आवाजाला हेलकावे बसतात. म्हणून रिवाज असा की आपला आवाज उपग्रहाकडून परत ऐकायचा आणि तो जेमतेम कळेल इतकीच शक्ती वापरायची. हे तपासायला वर कुणी पोलिस नाही. तरी म्हाताऱ्याला जपून वापरण्याची ही रीत टिकली आहे. कुणी मोडली तर त्याला मगर म्हणतात: तोंड मोठं, कान बारीक.

भारताचाही असा एक उपग्रह होता. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याच्या नव्या, दुसऱ्या तळावरून पहिलं उड्डाण झालं. राष्ट्रपती अब्दुल कलाम हजर होते. पीएसएलव्ही-सी६ मधला मुख्य उपग्रह कार्टोसॅट-१, आणि बरोबर ४२.५ किलोचा हॅमसॅट. त्याच्यात दोन ट्रान्सपॉन्डर होते. एक भारतात बनवलेला, दुसरा नेदरलँड्सच्या व्हेन्लो इथल्या विल्यम लायनार या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने बनवलेला. इस्रोने एका परदेशी विद्यार्थ्याची हौस आपल्या उपग्रहात बसवून वर पाठवली, याचं कौतुक तेव्हा आपल्याकडे फारसं झालं नाही. जगभरच्या हॅमनी मात्र केलं. त्यांनी त्याला व्हीयूसॅट-ऑस्कर-५२ म्हणून वापरलं आणि जुलै २०१४ मध्ये त्याची लिथियम बॅटरी गेली तेव्हा हळहळले. नऊ वर्षं तो जगाच्या गप्पा वाहत होता.

पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ बनवला तो याच वाटेवर. वजन किलोच्या आत. २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ वर तो गेला. काम: हौशी रेडिओच्या फ्रिक्वेन्सीवर एका ठिकाणचा छोटा संदेश घेऊन दुसऱ्या ठिकाणी पोहोचवायचा. दिशा सांभाळायला चुंबक, म्हणजे वीज न खाता पृथ्वीच्या चुंबकत्वाला धरून राहायचं. त्या एका रॉकेटवर वीस उपग्रह होते. अशा वेळी रडारला वर नुसते ठिपके दिसतात, आणि कुठला ठिपका कुणाचा हे सुरुवातीला कळत नाही. मग पुन्हा हॅम कामाला लागतात. बीकनची, म्हणजे उपग्रह सतत देत असलेल्या हाकेची, फ्रिक्वेन्सी कशी चढते-उतरते ते नोंदवायचं आणि कोणत्या ठिपक्याच्या कक्षेशी जुळतं ते बघायचं. विद्यार्थ्यांच्या उपग्रहाची पहिली हाक बऱ्याचदा दुसऱ्याच खंडातल्या अनोळखी माणसाच्या गच्चीवर उतरते, कारण उपग्रह कॉलेजवर येईपर्यंत तो आधी तिथून गेलेला असतो. हौशी पट्ट्यात गुप्त भाषेत बोलायचं नाही, असा नियम आहे. बीकनमधले आकडे कसे वाचायचे हे बनवणाऱ्यांनी उघड सांगायचं असतं, म्हणून हे जमतं. अथेन्समधल्या काही हौशींनी २०१४ मध्ये सॅटनॉग्स नावाचं जाळं सुरू करून हे काम आणखी सोपं केलं. कुणीही आपली छोटी अँटेना त्याला जोडायची आणि ती जगातल्या कुणासाठीही ऐकेल.

असाच उघडा कान एकदा नासाच्याही उपयोगी पडला. २०१८ च्या जानेवारीत कॅनडातले स्कॉट टिली नावाचे एक हौशी एका हरवलेल्या अमेरिकी गुप्त उपग्रहाची चाहूल घेत बसले होते. तो सापडला नाही. सापडला नासाचा ‘इमेज’. २००५ च्या डिसेंबरात गप्प झालेला, नासाने आशा सोडून दिलेला. नासाने तपासून मान्य केलं की होय, हा तोच. कोट्यवधी डॉलरच्या यंत्राचा पत्ता त्याच्या मालकाला घरात बसलेल्या एका माणसाने सांगितला.

हल्ली वर एक स्थिर हौशी ट्रान्सपॉन्डरही आहे. कतारच्या एस्‌हैल-२ या दूरदर्शन उपग्रहावर तो बसवलाय. उड्डाण १५ नोव्हेंबर २०१८, म्हणजे ऑस्कर-७ ची बरोबर चव्वेचाळिसावी वर्षगाठ. पुण्यातून तो पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे, क्षितिजापासून साधारण तीस अंशांवर कायम एकाच जागी असतो. घरची टीव्हीची छत्री तिकडे वळवली की ब्राझीलपासून थायलंडपर्यंतचे लोक दिवसरात्र ऐकता येतात. सोय उत्तम आहे. पण मला विचाराल तर थोडी बेचवही आहे. उगवतच नाही त्याची वाट काय बघायची!

वाट बघणाऱ्यांची जात वेगळीच. हॅमनी पृथ्वीचे चौकोन पाडलेत, दोन अंश रेखांश आणि एक अंश अक्षांशाचे. पुणे एमके६८ मध्ये येतं, मुंबई एमके६९, पणजी एमके६५, नागपूर एमएल९१. उपग्रहावरून जितक्या जास्त चौकोनांशी बोलणं होईल तितकी पुंजी. परदेशात काही जण नुसते चौकोन ‘चालू’ करायला रानावनात गाड्या नेतात, चार चौकोन मिळतात त्या नेमक्या बिंदूवर उभे राहतात आणि दहा मिनिटांच्या पाससाठी दिवसभराचा प्रवास करतात. आपल्याकडेही पायाला भिंगरी असलेल्या एखाद्याला काम आहे. मुंबईच्या पश्चिमेचा एमके५९ मोकळाच असतो. त्यात जमीनच नाही, सगळा अरबी समुद्र. तिथून बोलायचं तर होडी हवी, समुद्रातून बोलण्याची वेगळी परवानगी हवी, आणि डुलत्या होडीत अँटेना आकाशाकडे धरून ठेवणारा मित्र हवा.