पोस्टर चुकलं म्हणजे फाइल बिघडली असं नाही

बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या कित्येक घरांत मराठी आणि कन्नड चित्रपट एकाच हार्ड डिस्कवर असतात. त्यामुळे जेलीफिन, कोडी किंवा प्लेक्स यांसारख्या, चित्रपटसंग्रह लावून देणाऱ्या सॉफ्टवेअरची खरी परीक्षा इथेच होते. ‘संत तुकाराम’चंच पाहा. दामले-फत्तेलालांचा, विष्णुपंत पागनीसांची भूमिका असलेला प्रभातचा चित्रपट १९३६ सालचा. राजकुमारांचा त्याच नावाचा कन्नड चित्रपट १९६३ चा. शिवाय चंद्रकांत कुलकर्णींचा ‘तुकाराम’ २०१२ चा. पागनीसांच्या चित्रपटावर राजकुमारांचं पोस्टर दिसलं की फाइल खराब झाली किंवा व्हायरस शिरला, असा पहिला समज होतो.

तसं काही झालेलं नसतं. पडद्यावर कोण आहे हे सॉफ्टवेअर बघत नाही. ते फाइलचं आणि फोल्डरचं नाव वाचतं, टीएमडीबीसारख्या ऑनलाइन सूचीत शोधतं आणि जुळेल ती नोंद उचलतं. नावात साल नसेल तर कोणता तुकाराम हे त्यानं ठरवायचं कशावरून? आत्रे यांचा ‘श्यामची आई’ १९५३ चा आणि सुजय डहाके यांचा २०२३ चा. तिथे तर नाव अक्षरशः एकच. म्हणून प्रत्येक चित्रपटाला स्वतंत्र फोल्डर द्यावा, नावापुढे कंसात साल लिहावं, तेही इंग्रजी आकड्यांत, आणि मग लायब्ररी पुन्हा स्कॅन करावी. तरीही चूक राहिली तर टीएमडीबीवरचा त्या चित्रपटाचा क्रमांक शोधून ओळख हातानं जुळवता येते. माझ्या मते निम्म्याहून अधिक तक्रारी नाव नीट दिलं की तिथेच संपतात. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकण्यात लोक उगाच रात्री घालवतात.

फाइलचं नाव इंग्रजीतच हवं, हाही गैरसमज. उलट रोमन लिपीत मराठी नावांचे हाल होतात: ‘बनवाबनवी’ कुणी डब्ल्यू घालून लिहितो, कुणी व्ही. टीएमडीबीवर बऱ्याच मराठी चित्रपटांचं मूळ नाव देवनागरीत नोंदलेलं असतं, त्यामुळे देवनागरीतूनही शोध लागतो. आणि एखादा जुना चित्रपट तिथे सापडलाच नाही, तर मराठीला तिथे जागा नाही असं मानू नये. ती सूची लोकांनीच भरलेली आहे; खातं उघडून आपणही नोंद आणि मराठी कथासार घालू शकतो. सीमाभागातल्या जाणत्या प्रेक्षकांनी हे काम मनावर घ्यावं असं मला फार वाटतं.

सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये माहितीची भाषा मराठी केली म्हणून चित्रपट मराठीत ऐकू येणार नाही. बदलते ती फक्त नाव, कथासार यांसारखी माहिती. जेलीफिनमध्ये ही भाषा प्रत्येक लायब्ररीला वेगळी ठेवता येते, म्हणून मराठी आणि कन्नड चित्रपटांच्या दोन लायब्रऱ्या कराव्यात. लग्नाच्या, जत्रेच्या घरगुती चित्रफिती मात्र ‘चित्रपट’ प्रकारात टाकूच नयेत. कुठल्याही सूचीत त्यांची नोंद नसते, आणि सॉफ्टवेअर एखाद्या अनोळखी चित्रपटाचं पोस्टर त्यांना चिकटवतं. त्यांच्यासाठी होम व्हिडिओचा वेगळा प्रकार असतो.

चित्रपट अडकत चालला की दोष इंटरनेटला दिला जातो. घरातल्या संगणकावरून घरातल्याच टीव्हीवर येणारा चित्रपट इंटरनेटवरून येत नाही. एकतर वायफाय कमजोर असतं, किंवा टीव्हीला फाइलचा प्रकार झेपत नाही आणि संगणकाला ती चालू असतानाच बदलून द्यावी लागते. आधी केबल जोडून पाहावी. सबटायटलमध्ये चौकोन दिसले तर फॉन्टमध्ये देवनागरी नाही. भलतीच अक्षरं दिसली तर फाइल यूटीएफ-८ मध्ये पुन्हा सेव्ह करावी.

एका बाबतीत मात्र जपायला हवं. लायब्ररी काढून टाकली तर मूळ फाइली जागेवरच राहतात. पण जेलीफिनमध्ये एखाद्या चित्रपटावर जाऊन ‘डिलीट’ दाबलं, तर डिस्कवरची फाइलच पुसली जाते. पोस्टर चुकलंय एवढंच असेल, तर ‘आयडेंटिफाय’ हा पर्याय निवडावा.